सोळा माणसांची चूल

ख्रिस्तसभा रक्तसाक्षींचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी साजरा करते. देह पडला तो दिवस हाच स्वर्गातील जन्मदिवस, ही त्यामागील फार जुनी धारणा. परंतु १० सप्टेंबर २०२३ रोजी पोलंडमधील मार्कोवा या खेड्यात कार्डिनल मार्चेल्लो सेमेरारो यांनी पोप फ्रान्सिस यांच्या वतीने यूझेफ उल्मा, त्याची पत्नी विक्तोरिया आणि त्यांची सात अपत्ये यांना 'धन्यवादित' म्हणून घोषित केले, तेव्हा त्यांच्या सणासाठी ७ जुलै ही तारीख मुक्रर झाली. या तारखेला त्यांच्यापैकी कोणाचाही मृत्यू झाला नव्हता. ७ जुलै १९३५ रोजी यूझेफ आणि विक्तोरिया यांचा विवाह झाला होता.

ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. उल्मा कुटुंबाविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात भर असतो तो मार्च १९४४ मधील एका पहाटेवर. त्या पहाटे जे घडले ते भीषण होते, आणि ते सांगावेच लागेल. पण रक्तसाक्ष्य ही काही मिनिटांची गोष्ट असते. त्यापूर्वीचे दीडएक वर्ष त्या घरात जे चालले होते, ते रोजचे होते. ते होते चुलीचे, पाण्याच्या बादल्यांचे, धुण्याचे, भाकरीचे. इतिहासकार निर्णयाची नोंद करतात. त्या निर्णयाला रोज रांधून कोण घालत होते, याची नोंद कागदोपत्री क्वचितच होते. म्हणून या लेखात यूझेफपेक्षा विक्तोरियाकडे अधिक पाहण्याचा विचार आहे. ती शेतकऱ्याची बायको होती. मरतेवेळी तिचे वय ३१ होते.

मार्कोवा हे पोलंडच्या आग्नेय भागातील, वाइन्त्सूत शहराजवळचे एक मोठे गाव. चौदाव्या शतकात जर्मन वसाहतकऱ्यांनी ते वसविले. पुढे त्यांचे वंशज बोलीने, रीतीने आणि मनाने पोलिश झाले. ज्यांचे पूर्वज जर्मन होते त्याच शेतकऱ्यांच्या दारात १९३९ नंतर जर्मन बंदुका उभ्या राहिल्या, हा इतिहासाचा एक विचित्र खेळ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गावची वस्ती सुमारे साडेचार हजार होती. त्यात ज्यू लोक होते सुमारे १२०. कोणी गुरांचा व्यापार करी, कोणी दुकान चालवी, कोणी शेती करी. ख्रिस्ती आणि ज्यू यांचे एकमेकांकडे येणे-जाणे होते. मुले एकाच शाळेत जात. सारे काही गोडीगुलाबीचे होते असे मात्र कोणी समजू नये. दोन धर्मांमध्ये जसे अंतर असते तसे ते होतेच. आणि आपल्या ख्रिस्ती समाजात शतकानुशतके ज्यूंविषयी जे कडवटपणे बोलले गेले, त्याचा अंश पोलंडच्या खेड्यांतही मुरलेला होता. हे नमूद केल्यावाचून विक्तोरियाच्या कृतीची किंमत कळणार नाही.

विक्तोरिया न्येमचाक हिचा जन्म १० डिसेंबर १९१२ रोजी याच गावात झाला. आई तिच्या बालपणीच वारली. आईविना वाढलेली मुलगी घरकामाला लवकर लागते, हे आपल्याकडील वाचकांना सांगावयास नको. परंतु ती केवळ चुलीपाशी राहिली नाही. शेजारच्या गाच या गावी शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी लोकविद्यापीठ चालत असे. विद्यापीठ हा शब्द जरा मोठा वाटेल. शेती, आरोग्य, वाचन, गायन, सहकार अशा विषयांचे वर्ग तेथे भरत. तेथील वर्गांना ती गेली. गावच्या नाट्यमंडळींत ती काम करीत असे, आणि नाताळच्या नाटकात पवित्र मरियेची भूमिकाही तिने केली होती. त्या वेषातील तिचे छायाचित्र आज उपलब्ध आहे.

यूझेफ तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. २ मार्च १९०० रोजी जन्मलेला हा गृहस्थ गावातल्या इतर शेतकऱ्यांहून थोडा निराळाच. त्याने फळझाडांची रोपवाटिका उभी केली, मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे पाळण्याचा प्रयोग केला. १९३३ मध्ये एका कृषिप्रदर्शनात त्याला या उद्योगांबद्दल पारितोषिकही मिळाले. पवनचक्कीसारखे एक छोटे यंत्र स्वतः तयार करून त्याने घरात विजेचा दिवा लावला. गावातला तो पहिला. पुस्तकांचा त्याला नाद होता. आणि सर्वांत मोठा नाद छायाचित्रणाचा. गावातली लग्ने, अंत्यविधी, शेतातली माणसे, शेजाऱ्यांची मुले अशी शेकडो छायाचित्रे त्याने काढली. आपल्या पत्नीचीही काढली. टेबलापाशी बसून मुलाला वहीत लिहावयास शिकविणारी विक्तोरिया, घरापुढे मुलांना ओळीने उभे करणारी विक्तोरिया, कडेवर तान्हे आणि पायाशी दुसरे अशी विक्तोरिया. त्या काळी कोणत्या खेडुताने आपल्या बायकोची कामात मग्न असतानाची चित्रे टिपून ठेवली असतील? तिने स्वतः लिहून ठेवलेले फारसे काही आपल्या हाती नाही. ती आपल्याला दिसते ती नवऱ्याच्या कॅमेऱ्यातून, आणि त्या नजरेत आदर दिसतो.

लग्नानंतर संसार वाढत गेला. १९३६ मध्ये स्तानिस्वावा, १९३७ मध्ये बार्बारा, १९३८ मध्ये व्वादिस्वाव, १९४० मध्ये फ्रांचिशेक, १९४१ मध्ये आंतोनी, १९४२ मध्ये मारिया. सात वर्षांत सहा बाळंतपणे. घर लहान, लाकडी, गावाच्या कडेला. मार्कोव्यातील जमीन अपुरी पडू लागली, म्हणून १९३८ मध्ये त्यांनी पूर्वेकडे सोकाल शहरानजीक वोइस्वाविचे येथे पाच हेक्टर जमीन विकत घेतली आणि तिकडे राहावयास जाण्याची तयारी चालविली. तेवढ्यात सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. पश्चिमेकडून हिटलरचे आणि पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य आत शिरले, आणि पोलंडचे दोन तुकडे झाले. सोकालचा तो मुलूख रशियनांच्या वाट्याला गेला, मार्कोवा जर्मनांच्या.

येथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा जुळतो, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रशियनांनी बळकावलेल्या पूर्व पोलंडमधून १९४० व १९४१ मध्ये लाखो माणसांना, विशेषतः जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्यांना, मालगाड्यांत कोंबून सैबेरियात नेण्यात आले. त्यांतून जे वाचले त्यांच्यापैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत राहिले. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, ख्रिस्तमंदिर होते. कोल्हापूरच्या बाजारात त्या गोऱ्या बायका भाजी घेताना दिसत. उल्मा कुटुंब ठरल्याप्रमाणे पूर्वेकडे स्थलांतरित झाले असते, तर कदाचित त्यांच्याही नशिबी ती मालगाडी आली असती. मार्च १९४४ मध्ये जेव्हा वळिवड्यातील पोलिश आया आपल्या लेकरांना परक्या उन्हात वाढवीत होत्या, तेव्हा त्यांच्याच देशातली ही एक आई मार्कोव्यात आपले शेवटचे दिवस मोजीत होती. आणि ते तिला ठाऊक नव्हते.

आता १९४२ च्या सुमाराचे मार्कोवा पाहू. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक याने हुकूम काढला होता की, नेमून दिलेली वस्ती सोडून बाहेर पडणाऱ्या ज्यूला देहान्त शासन, आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही तेच. पश्चिम युरोपात जर्मनांनी व्यापलेल्या देशांतही ज्यूंना लपविणे हा अपराध होता. पण पोलंडमध्ये त्याची शिक्षा उघडपणे मृत्यू होती, आणि अनेकदा ती सबंध कुटुंबाला दिली जाई. १९४२ च्या उन्हाळ्यात वाइन्त्सूत परिसरातील ज्यूंना गोळा करून बेल्झेत्सच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. मार्कोव्यात जे लपून राहिले होते त्यांच्या शोधासाठी गावकऱ्यांनाच जुंपण्यात आले. काहींनी जिवाच्या भीतीने शोधल्यासारखे केले. काहींनी खरोखरच शोधले. सापडलेल्यांना गावच्या कोठडीत ठेवून, जेथे मेलेली जनावरे पुरीत त्या जागी गोळ्या घालण्यात आल्या. यूझेफने एका ओहळाकाठी काही ज्यू स्त्रियांसाठी जमिनीत लपण्याची जागा तयार करण्यास हात लावला होता. त्याही पकडल्या जाऊन मारल्या गेल्या. म्हणजे पुढे काय होऊ शकते, हे उल्मांच्या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अशा वेळी त्यांनी आठ माणसे घरात घेतली. वाइन्त्सूतचा गुरांचा व्यापारी साऊल गोल्डमन आणि त्याचे चार जाणते मुलगे. शिवाय गोल्डा ग्र्यूनफेल्ड व लेआ डिडनर या दोन बहिणी, आणि लेआची लहानगी मुलगी. या दोन बहिणी मार्कोव्याच्याच, उल्मांच्या जवळपास राहिलेल्या. त्या विक्तोरियाला परक्या नव्हत्या.

वाचकहो, या घराचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. घरातली आठ माणसे आणि माळ्यावरची आठ, मिळून सोळा. विक्तोरियाच्या मांडीवर सप्टेंबर १९४२ मध्ये जन्मलेली मारिया अंगावर पीत होती. पाहुणे आले तेव्हा ती काही महिन्यांची असेल. १९४३ च्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले. म्हणजे लपविण्याचा सबंध काळ तिने एक मूल दुधावर आणि पुढे एक पोटात घेऊन काढला. त्यातच जर्मनांची वसुली. धान्य, दूध, गुरे यांचा ठरलेला वाटा प्रत्येक शेतकऱ्याला सरकारात भरावा लागे, आणि तो चुकला तर शिक्षा. उरलेल्या धान्यात सोळा तोंडे. बाजारातून जास्त पीठ आणावे तर दुकानदार विचारणार, कोणासाठी? विहिरीवरून जास्त पाणी आणावे तर शेजारीण पाहणार. दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा बोलतात. घरात किती माणसे आहेत हे कोणत्याही खेड्यातली बाई दोरीवरून ओळखते. त्यात सहा लहान मुले. सात वर्षांच्या स्तानिस्वावाला गप्प राहण्याचे कारण समजावून सांगता येईल. पण पाच वर्षांच्या, तीन वर्षांच्या पोराला कसे सांगणार की माळ्यावरच्या मुलीचे नाव बाहेर घ्यायचे नाही? हे शिकविण्याचे काम बापाचे कमी आणि आईचे जास्त असणार.

गोल्डमन मंडळी रिकामी बसली नव्हती. ती कातडी कमावण्यात यूझेफला मदत करीत, लाकडे फोडीत. घरामागे करवतीने ओंडका कापणारे दोन तरुण, असे एक छायाचित्र यूझेफने काढलेले आहे. ज्यांचे अस्तित्वच लपवायचे त्यांचे छायाचित्र काढणे हे आज आपल्याला अविचाराचे वाटेल. मला मात्र त्यात वेगळेच काही दिसते. त्या घरात त्यांना 'लपविलेला माल' म्हणून ठेवलेले नव्हते. ती घरची माणसे होती, आणि घरच्या माणसांची छायाचित्रे काढली जातात.

त्या घरात सापडलेल्या वस्तूंमध्ये बायबलमधील कथांचे एक पुस्तक आहे. त्यात चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्याचे शीर्षक कोणीतरी अधोरेखित केलेले असून, समासात एकच पोलिश शब्द लिहिलेला आहे: 'ताक', म्हणजे 'होय'. आपल्यावर प्रीती करणाऱ्यांवरच प्रीती करण्यात काय मोठेपणा, या अर्थाचे प्रभूचे जे वचन डोंगरावरील प्रवचनात आहे, त्याच्याखालीही रेघ ओढलेली आहे. पवित्र शास्त्रावर टीका लिहिणाऱ्या विद्वानांचे मोठमोठे ग्रंथ गुरुकुलात असताना आम्हांला वाचावे लागले. त्यांत इतके आटोपशीर भाष्य माझ्या पाहण्यात आले नाही.

आता एक प्रश्न. तो टाळून हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या कुटुंबाची कथा ऐकून एखादी आई हमखास विचारते: "फादर, स्वतःच्या सहा लेकरांचा जीव धोक्यात घालण्याचा तिला काय अधिकार होता?" हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. नीतिशास्त्राच्या दृष्टीनेही तो वजनदार आहे. संत थॉमस अक्विनास यांनी प्रेमालाही एक क्रम असतो असे प्रतिपादिले आहे. देवाने ज्यांना आपल्या पदरात घातले त्यांचा भार प्रथम आपल्यावर असतो. विक्तोरियाने पापनिवेदनाच्या वेळी आपल्या धर्मगुरूला विचारले असते की, या आठ जणांना ठेवून घेण्यास मी बांधलेली आहे का, तर कोणताही शहाणा धर्मगुरू म्हणाला असता, "नाही बाई, एवढ्या जोखमीला देव तुला बांधीत नाही." मार्कोव्यातील, किंवा पोलंडमधील, ज्या आयांनी भीतीने दार लावून घेतले, त्यांच्यावर बोट ठेवण्याचा हक्क मला नाही, आणि विक्तोरियाचे नाव घेऊन तर मुळीच नाही.

पण प्रश्नाचा रोख थोडा बदलून पाहावा असे वाटते. आपण समजतो, तिच्यापुढे दोन पर्याय होते: धोका पत्करणे किंवा सुरक्षित राहणे. पहिल्या दिवशी कदाचित तसे असेलही. दुसऱ्या दिवसापासून तसे नव्हते. एकदा लेआ आपल्या पोरीला घेऊन माळ्यावर चढली की मग पर्याय उरतो तो तिला ठेवण्याचा, नाहीतर खाली उतरवून हिमात घालवून देण्याचा. आणि घालवून देणे म्हणजे काय, हे त्या जनावरांच्या खड्ड्यापाशी साऱ्या गावाने पाहिले होते. स्वतःची मारिया छातीशी धरून दुसऱ्या आईच्या मुलीला मरणाच्या दारात सोडायचे, हे तिला जमले असते का? आणि जमले असते तर आपल्या सहा मुलांना तिने पुढे काय शिकविले असते? तिच्या कृतीने सर्व शंका मिटतात असे मी म्हणत नाही. अक्विनासांचा क्रम खरा आहे, आणि तिने केले तेही खरे आहे. ख्रिस्तसभेने तिला वेदीवर चढविले ते ती बांधलेली होती म्हणून नव्हे, तर ती बांधलेली नसताना तिने ते केले म्हणून.

घात घरातून झाला नाही, शेजाऱ्यांकडून झाल्याचाही पुरावा नाही. संशयाची सुई वळते ती व्वोजिमियेश लेश या वाइन्त्सूतमधील पोलिसाकडे. हा जर्मनांच्या हाताखाली काम करणारा स्थानिक शिपाई. गोल्डमन कुटुंबाने आपली काही मालमत्ता त्याच्या हवाली केली होती. ती परत करावी लागू नये म्हणून त्याने बातमी दिली, असे अभ्यासकांचे मत आहे. तीस चांदीच्या नाण्यांची कथा जुनी होत नाही, एवढेच म्हणता येईल.

२३ मार्च १९४४ च्या रात्री वाइन्त्सूतहून घोडागाड्या निघाल्या. लेफ्टनंट आयलर्ट डीकेन हा प्रमुख, त्याच्याबरोबर काही जर्मन सशस्त्र पोलीस आणि काही पोलिश शिपाई. शुक्रवारी, २४ मार्चच्या पहाटे ते मार्कोव्यात पोचले. उपवासकाळाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या शुभवर्तमानाचा सण होता. विक्तोरियाचे दिवस भरत आले होते.

प्रथम माळ्यावर झोपलेल्या ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. रक्ताचे डाग पडलेले एक छायाचित्र त्या घरातून जपून ठेवले गेले आहे. त्यात ज्यू स्त्रिया दिसतात. नंतर यूझेफ आणि विक्तोरिया यांना घरापुढे आणून ठार करण्यात आले. पाहणाऱ्यांस दहशत बसावी म्हणून गाडीवानांना जवळ बोलावून ते पाहावयास लावले. मुले किंचाळू लागली. त्यांचे काय करायचे याची चर्चा झाली, आणि डीकेनने त्यांनाही मारण्याचा हुकूम दिला. थोरली सात वर्षांची, धाकटी दीड वर्षाची. गावच्या मुखियाने धीर करून विचारले की मुलांना का मारले. त्यावर त्या अधिकाऱ्याने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की गावाला त्यांच्या पालनपोषणाचा त्रास नको म्हणून. मग घर लुटण्यात आले. लूट इतकी होती की आणखी गाड्या मागवाव्या लागल्या. आणि काम आटोपल्यावर मारेकऱ्यांनी तेथेच मद्य घेतले.

प्रेते तेथेच पुरण्यात आली. गावकऱ्यांनी विनवण्या केल्यावर दोन वेगळे खड्डे खणू दिले: एक ज्यूंसाठी, एक उल्मांसाठी. सुमारे आठवड्याने काही ग्रामस्थांनी जर्मनांच्या मनाईला न जुमानता रात्री खड्डा उकरला आणि उल्मांचे देह शवपेटीत ठेवून पुन्हा तेथेच पुरले. विक्तोरियाचा देह उचलताना त्यांपैकी एकाला दिसले की, तिच्या उदरातील बाळ अर्धवट बाहेर आले आहे. डोके आणि छाती दिसत होती. पुढे त्याने तशी साक्ष दिली. याच साक्षीमुळे २०२३ मध्ये एक गंभीर प्रश्न उभा राहिला. जे जन्मलेच नाही त्याला धन्यवादित कसे म्हणावयाचे? ५ सप्टेंबर २०२३ रोजी, विधीच्या पाच दिवस आधी, रोममधील संतपदविषयक खात्याने खुलासा केला की, हे मूल आईच्या हौतात्म्याच्या वेळीच जन्मास आले, आणि त्याला रक्ताचा स्नानसंस्कार लाभला. त्या बाळाला नाव नाही. मुलगा की मुलगी, याचाही उल्लेख नाही. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांना तरी कोठे नावे आहेत?

जानेवारी १९४५ मध्ये उल्मांचे देह गावच्या दफनभूमीत आणण्यात आले. ज्यूंचे देह पुढे दुसरीकडे नेऊन पुरले. लेशला पोलिश भूमिगत संघटनेने सप्टेंबर १९४४ मध्ये ठार केले. योझेफ कोकोट या पोलिसावर, ज्याने मुलांपैकी काहींवर स्वतः गोळ्या झाडल्या होत्या, १९५८ मध्ये खटला चालला. मृत्युदंड ठोठावला गेला, तो कमी होत शेवटी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आला, आणि १९८० मध्ये तो तुरुंगातच मेला. डीकेनचे मात्र वेगळे झाले. युद्धानंतर तो पश्चिम जर्मनीत पुन्हा पोलीस खात्यात नोकरीस राहिला आणि १९६० मध्ये वारला. त्याच्यावर कधीच खटला झाला नाही. पहाटे सहा मुलांना मारण्याचा हुकूम देणारा माणूस नंतरची वर्षे कोणत्या तरी शहरात शांतपणे वाहतूक आणि चोऱ्यामाऱ्या यांच्या तक्रारी ऐकत असेल. देवाच्या न्यायाविषयी लिहिताना मनुष्याच्या न्यायाची ही बाजू झाकून ठेवू नये.

ज्यूंच्या स्मृतीचे जतन करणाऱ्या जेरुसलेम येथील याद वाशेम संस्थेने १९९५ मध्ये यूझेफ आणि विक्तोरिया यांना 'राष्ट्रांतील धार्मिक' हा मान दिला. २००३ मध्ये प्शेमिश्ल धर्मप्रांतात त्यांच्या धन्यवादितपदाची प्रक्रिया सुरू झाली. १७ मार्च २०१६ रोजी मार्कोव्यात ज्यूंना वाचविणाऱ्या पोलिश लोकांचे संग्रहालय उघडले, आणि २०१८ पासून पोलंडमध्ये २४ मार्च हा अशा लोकांचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. हे सारे उचितच आहे. मात्र एका कुटुंबाच्या पुण्याईवर सबंध राष्ट्राची पाटी स्वच्छ करण्याचा मोह पोलंडमध्ये काहींना होतो, आणि तेथील इतिहासकारांनीच त्याविरुद्ध आवाज उठविला आहे. लेशही पोलिश होता, आणि विक्तोरियाही. असा मोह प्रत्येक समाजाला असतो. आम्हां ख्रिस्ती लोकांना तर विशेष. आमच्या संतांच्या सावलीत आमचे भित्रेपण आम्ही सहज लपवितो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. डीकेनने ती मुले मारली ती गावाला धडा बसावा म्हणून. गाडीवानांना पाहावयास लावले तेही त्याचसाठी. त्या पहाटेनंतर मार्कोव्यातील इतर घरांत जे ज्यू लपलेले होते, त्यांचे काय झाले? भीती सर्वत्र पसरली होती, हे उघड आहे. पण गावात लपलेल्यांपैकी सुमारे वीस जण युद्धातून जिवंत बाहेर पडले. आंतोनी आणि दोरोता शिलार या दांपत्याच्या घरी वेल्त्स कुटुंबातील सात माणसे होती. यूझेफ आणि युलिया बार यांच्या घरी रीझेनबाख कुटुंबातील पाच. २४ मार्चला त्या दोन्ही घरी विक्तोरियाच्या घराची बातमी पोचलीच असणार. गाव काही एवढे मोठे नव्हते. त्या दिवशीही दोरोताने आणि युलियाने चूल पेटविली, आणि वरच्या माणसांना जेवण पोचविले. दुसऱ्या दिवशीही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. १९४४ च्या उन्हाळ्यात रशियन फौजा येऊन जर्मन माघारी जाईपर्यंत.